दुपारचं मशीन

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न., पाठ धरली असल्याने अर्धवट वाकून.

आणि पुन्हा तू तेच केलंस. मी दोन पानं भरून विचारतो काय, आणि तू लिहितेस की बाबांची तब्येत तशी बरी आहे आणि बँकेतल्या साहेबांची पँट फार सुरेख बसली. सुरेख कोणी बसवली, ते लिहायला शाई पुरली नाही वाटतं. बाबा सकाळी शिवणार, दुपारी बाटली संपवून पडद्यामागे आडवे होणार. मग आई त्यांची वाकडी टीप उसवणार, तू ती सरळ घालणार, आणि ते उठायच्या आत कपडा इस्त्री करून त्यांच्याच टेबलावर. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन म्हणणार, मास्तर, हात अजून तसाच आहे. आणि मास्तर मान डोलावणार. ताई, ज्याला रोज कोणीतरी सांगतं की तुझा हात तसाच आहे, तो दारू कशाला सोडेल? मी तरी सोडली नसती.

तू म्हणशील, गेला तो गेला आणि तिथून अक्कल शिकवतो. शिकवणारच. काजं करायला मलाच बसवलं होतं ना तुम्ही. सगळ्यांना वाटतं मी शाळेत ढ होतो म्हणून घरी बसलो. ढ होतोच, पण बसवलं ते बाबांचं काज कापडाबाहेर जायला लागलं म्हणून. ते कोणाला दिसू नये म्हणून माझ्या बोटाची सुईने चाळण झाली. शेवटी मी बोललो, तर घरात मीच वाईट. बाबांनी निघताना मान वर करून पाहिलंही नाही.

लॉन्ड्री सोडली. वाफेने जीव जात होता. आता कोल्ड स्टोरेजमध्ये लागलोय, तिथे थंडीने जातो. शाळेएवढी खोली, छताला लागलेले खोके, आत लोणी, मटार, मासे. थोडा वेळ आत जायचं, मग बाहेर येऊन शेगडीपुढे कान शेकायचे, परत आत. माझ्या मिशा त्या कितीशा, त्यांच्यावरही बर्फ धरतो. आईला सांगू नकोस. सांग की बसून करायचं काम आहे.

लोभ राहू दे, भांडण आहेच.
तुझा,
भिंगऱ्या


ता. २३ जानेवारी

चि. भिंगऱ्यास,
अ. आ., रागात लिहितेय म्हणून त्यात काटछाट केलेली नाही.

तिसरी नोकरी. तुझ्या पायाला भिंगरी आहे हे गल्लीने उगाच म्हटलं नाही. पुढच्या पत्रात कुठे असशील, विहिरीत की विमानात, ते आधीच कळवलंस तर पत्ता लिहायला बरं.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पण खरं लिहायला तुला टपालाएवढं अंतर आहे. मला मध्ये एक पडदा आहे, तोही विटलेला. बाबांची कातर अजून चालते रे. कापडावर हात फिरवून सांगतात की हे धुतल्यावर किती आटेल, आणि तेवढंच आटतं. नुसतं मशीनवर बसले की पाय एकीकडे आणि हात एकीकडे. मग कापलेलं एवढं सुंदर वाया का घालवायचं, असं मला वाटतं. दुकान गेलं तर त्यांनी सकाळी उठायचं कशाला? बाटली तर बसल्या जागीही मिळते.

आई अजून त्यांच्याशी बोलत नाही. घरातलं टपाल मीच. परवा ते तिच्यासमोर हातभर अंतरावर बसलेले, तर आई मला म्हणाली, त्यांना सांग, चहा निवतोय. बाबा मला म्हणाले, तिला सांग, निवू दे, आम्हीही निवतच चाललोय. आईला हसू आलं, ते तिने पदरात पुसलं. मला वाटलं आता बोलेल. नाही बोलली. दुपारी मात्र त्यांची शिवण मांडीवर घेऊन अशी हळू उसवत बसली, जसा कोणाच्या पायातला काटा काढावा.

बाबांनी तुला निघताना पाहिलं नाही हे खरं. तू गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत त्यांनी तीच टीप चार वेळा एकमेकीवर घातली, हेही खरं. ती मीच उसवली.

एक विचारते, चिडू नकोस. तुझं अक्षर पहिल्यापासून कोंबडीच्या पायाचं, त्याचं काही नाही. पण ओळ खाली का उतरायला लागली? बाबांची टीप अशीच उतरत गेली होती.

जेवत जा. मायेत खंड नाही.
ताई


ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न., आणि आईला माझ्याकडून एक जास्तीचा.

ओळ खाली उतरते कारण बोटं गोठतात. तू आता अक्षरावरून नाडी बघायला लागलीस की काय? इथे एक घोट सगळेच घेतात, आत जायच्या आधी, औषध घ्यावं तसा. त्याला काही पिणं म्हणत नाहीत. मुकादम तेवढा घेत नाही.

ह्या मुकादमाबद्दलच लिहायचं होतं. पाय लंगडा आहे त्याचा, ढकलगाडीखाली आलेला, तेव्हा तो प्यायलेला होता. आता रविवारी एका सभेला जातो, तिथे सगळे जुने पिणारे गोल खुर्च्या मांडून बसतात आणि एकेक जण आपली फजिती सांगतो. मला दोनदा बोलावलं, मी म्हटलं मला कुठे फजिती आहे. पण बाबांचं सगळं मी त्याला सांगितलं. उसवणं, घालणं, इस्त्री, सगळं. तो शेगडीपुढे हात चोळत म्हणाला, घरचे झाकत राहतात तोवर माणसाला आपलं काय झालंय ते दिसत नाही. त्याला एकदा पडू द्यावं लागतं. त्याच्या बायकोने त्याला आठ वर्षं झाकलं, ज्या दिवशी झाकलं नाही त्या दिवशी तो पडला, आणि तिथून उठला.

तेव्हा बंद कर, ताई. सगळं नको, एकच कपडा. बाबांनी जसा शिवला तसा गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ दे. रडायचं असेल तर आतल्या खोलीत जाऊन रड, पण मशीनला हात लावू नकोस. हे माझं काही नाही, अनुभवी माणसाचं आहे. आणि एवढंही तुझ्याने झालं नाही तर मी समजेन की तुम्हा दोघींना ते तसेच हवे आहेत. मग मला पत्र पाठवायची तसदी घेऊ नकोस.

लोभ तुझ्या मशीनवर अवलंबून.
भिंगऱ्या


ता. ५ मार्च

चि. भिंगऱ्यास,
अ. आ.

तू म्हणालास तसं केलं.

वकीलसाहेबांचा काळा कोट होता. मुद्दामच तो निवडला, कारण ते जुने आणि माणूस मऊ. बाबांनी सकाळी शिवला, दुपारी पडद्यामागे गेले. मी टेबलावरचा कोट उचलून पाहिला आणि तसाच ठेवला. मशीनवर कव्हर घातलं आणि हात मांडीवर घेऊन बसले. आई सवयीने चष्मा लावून आली, कोट मागितला. मी नाही म्हटलं. तिने विचारलं, मशीन बिघडलंय का. मी म्हटलं, नाही. ती चष्मा काढून आत गेली. एवढी शांत दुपार आपल्या घरात कधी झाली नव्हती. पडद्यामागे बाबांनी कूस बदलल्याचा आवाजही ऐकू येत होता.

संध्याकाळी वकीलसाहेबांनी कोट अंगात घातला. उजवी बाही डावीकडे आणि डावी उजवीकडे जोडलेली. दोन्ही हात मागे ओढल्यासारखे झाले, जसं कोणी त्यांनाच पकडून नेतंय. एरवी हसू आलं असतं. ते बिचारे म्हणाले, मास्तर, राहू द्या, कोर्टात कोण बघतंय. हे ऐकून बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी कोट काढून घेतला, त्यांच्यासमोरच बाही उसवली आणि सुईत दोरा ओवायला बसले. ओवला जाईना. वकीलसाहेबांनी, मी ओवून देतो, असं म्हणून हात पुढे केला. बाबांनी सुई त्यांच्या हातात दिली, उठले आणि दुकानाचा दिवा मालवला. वकीलसाहेब अंधारात सुई धरून उभे.

आता पुढचं ऐक. त्या संध्याकाळपासून बाबांनी घेतलेली नाही. घामाने भिजतात, दात वाजतात, पण घेतलेली नाही. आई रात्रभर पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी बसते, बोलत नाही, पण बसते. तुझा मुकादम खरा ठरतोय की काय, असं वाटायला लागलंय. मशीनवर मात्र ते बसलेले नाहीत. मला काही बोललेही नाहीत, नुसते मधूनमधून माझ्याकडे बघतात. काल तुझा पत्ता मागितला. पाकीट मी लिहून दिलं, आत काय लिहिणार आहेत ते मला ठाऊक नाही.

खूप दिवसांनी जरा आशेने,
तुझी ताई


ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
बापाचे आ., घेशील तर.

हे एवढं लिहायला मला तीन सकाळी लागल्या. हात कसा आहे ते अक्षरावरून कळेल. तुझंही तुझ्या ताईकडे पाहिलं, आपलं दोघांचं जुळतं.

तू दूरवरून मला बरं करायचा घाट घातलास असं समजलं. ताई बोलली नाही, पण तुझी पत्रं ती पिठाच्या डब्यात ठेवते, आणि ह्या घरात डबे उघडून बघायची सवय कोणाला आहे ते तुला माहीत आहे. राग नाही. तू लिहिलंस ते बरोबर होतं.

फक्त एक तुम्हा सगळ्यांचं चुकलं. तुम्हाला वाटलं मला ठाऊक नाही. अरे, मी जन्मभर टीप घालतोय. दुसऱ्याची टीप माझ्या कपड्यावर असेल आणि मला कळणार नाही? ताईची टीप बारीक, जरा दाबून. आईची उसवण अशी, की कापडावर दोऱ्याचं तूस मागे राहत नाही. आणि तू करायचास ती काजं चांगली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं, ते राहिलं.

दुपारी मी लगेच झोपायचो नाही. पडद्यामागे डोळे मिटून पडायचो आणि वाट बघायचो. आधी आईच्या ब्लेडची कुरकुर, मग ताईचं मशीन. तुझी आई माझ्याशी बोलत नाही, पण माझ्या शिवणीतला दोरा ती रोज ओढून काढायची. आमचं बोलणं म्हणजे तेवढंच. मशीन वाजायला लागलं की मला वाटायचं, अजून टाकलेलं नाही आपल्याला. मग झोप लागायची. सोडायची तर रोज उद्याच होती. लाज वाटत नव्हती असं नाही, पण लाजेसकट झोप लागायची.

त्या दुपारी मशीन वाजलं नाही. मी वाट पाहिली. बाहीचं मला माहीत होतं, उठून सुधारता आलंही असतं कदाचित. उठलो नाही. आपल्याला टाकलंय का ते बघायचं होतं, ते कळलं.

ताईला ह्यातलं सांगू नकोस. तिला वाटू दे की म्हाताऱ्याला काही कळत नव्हतं. नाहीतर एवढी वर्षं वाकलेली तिची मान फुकट गेली असं तिला वाटेल.

बरोबर बोलणारं माणूस घरात असलेलं बरं असतं. लांबून ते फार मोठ्याने ऐकू येतं.

तुझा,
बाप


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

मशीन सुरू कर. हे पत्र मिळालं त्याच दुपारी सुरू कर, काम नसलं तर जुन्या चिंध्या शिव, पण बाबा आडवे झाले की मशीन वाजलं पाहिजे. आणि आईला उसवायला बसव. का, ते विचारू नकोस. मला सांगता येत नाही.

बाबांच्या पत्रात विशेष काही नव्हतं. तब्येतीला जप वगैरे.

ताई, मुकादमाने दोन वाक्यं सांगितली होती. मी तुला एकच लिहिलं. तो म्हणाला होता, त्याला पडू द्यावं लागतं, आणि तेव्हा आपण खाली उभं राहावं लागतं. त्याची बायको उभी होती, त्याचा भाऊ काम सोडून येऊन राहिला होता. दुसरं वाक्य लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, मग तू कधी येतोस. म्हणून नाही लिहिलं. तेव्हा वाटलं, अर्धं औषध तर अर्धं, काहीतरी लागू पडेल.

काल मी मुकादमाला हे बोललो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग त्याने शेगडी बंद केली आणि म्हणाला, जा घरी. मी म्हटलं, बघतो.

तू सुरू कर. मी येईनच.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू दे.
भिंगऱ्या


ता. २४ एप्रिल

चि. भिंगऱ्यास,
अ. आ.

पत्र मिळालं त्याच दुपारी मशीनवर बसले. पण उसवायला त्यांचं काही नव्हतंच. त्या कोटानंतर त्यांनी एक टाका घातलेला नाही. मी स्वतःच कापलेल्या नव्या कापडाची टीप घातली, आणि मशीनचा आवाज होताच बाबा पडद्यामागून उठून बाहेर निघून गेले. संध्याकाळी आले ते दोन माणसांच्या खांद्यावर. तिथून जे सुरू झालं ते पूर्वी कधीच एवढं नव्हतं. पूर्वी दुपारी तरी झोपायचे.

गेल्या आठवड्यात रक्ताची उलटी झाली. मोठ्या दवाखान्यात आहेत. पोट पाण्याने भरलंय, डोळे हळदीसारखे. डॉक्टर आमच्याशी बोलताना फाइलकडे बघतात, ह्यावरून समज.

आई बोलायला लागली आहे. थेट त्यांच्याशी. खाटेच्या कडेला बसून दिवसभर बोलते, दुधाचे भाव, शेजारणीची सून, एवढ्या वर्षांचं साठलेलं. बाबा मला म्हणाले, हिला सांग, मी ऐकतोय. आई म्हणाली, तिला कशाला सांगता, मला सांगा. तर त्यांनी नुसतं तिचं बोट धरलं.

मला सारखं वाटतं, तो कोट मी शिवायला हवा होता. तुला दोष देत नाही, हात माझेच मांडीवर होते. एवढंच की त्यांना कधी कळलं नाही आम्ही काय करत होतो, तेवढा त्यांचा मान तरी राहिला.

संध्याकाळी गाड्यांची वेळ झाली की ते दाराकडे बघतात. काल म्हणाले, धाकटा आला की त्याचे हात बघायचे आहेत. मी विचारलं, हात कशाला, तर म्हणाले, काजं करणाऱ्याचे हात आहेत ते, लोणी उचलून खराब केले असतील.

पैसे पाठवू नकोस. इथे पैशांनी होण्यासारखं काही उरलेलं नाही. तू ये. ह्या वेळी फक्त ये.

वाट बघणारी,
ताई


ता. ३ मे

ती. ताईस,
सा. न. ह्या वेळी पूर्ण वाकून, तू बघत नाहीस तरी.

साहेबाने रजा दिली नाही, असं लिहून झालं होतं. तो कागद फाडला. रजा आहे. मुकादमाने स्वतः साहेबाशी भांडून मिळवून दिली, माझ्याबरोबर खिडकीपर्यंत आला, तिकीट काढेपर्यंत उभा राहिला. गाडी लागली होती. डब्याच्या पायरीपाशी दांडा धरला आणि हात बघितला.

ताई, मी थंडीच्या खोलीत आता नसतो. तुला लिहिलं नाही. खोके हातातून सुटायला लागले म्हणून मार्चमध्येच बाहेर काढलं. आवारात बसतो, रिकामे खोके दोरीने बांधतो, ऊन असतं. तरी हात थांबत नाही. सकाळी एक घेतल्यावर थांबतो, मग तासाभराने पुन्हा. बाबा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी हाताकडे. त्यांना एक नजर पुरेल. मरताना त्यांनी हे बघावं का, तूच सांग. नको, सांगू नकोस. तू ये म्हणशील.

मुकादम निघून जाईपर्यंत थांबलो आणि तिकीट परत केलं.

त्यांना सांग, साहेब सोडत नाही. साहेबाला दोन शिव्या घाल, मोठ्याने, त्यांना ऐकू जातील अशा. सांग की धाकट्याचे हात चांगले आहेत, साहेबाने बसून करायचं काम दिलंय. तुला जमेल. आईला तेवढं खरं सांग, तिला कोणाशी तरी अबोला धरायला लागेलच.

आणि एक. तू दुपारी जे करत होतीस ते चूक नव्हतं. मी आधी काय लिहिलं ते सगळं पिठाच्या डब्यातून काढून जाळ. मला हे कसं कळलं ते सांगता येणार नाही, कबूल केलंय. पण मला पक्कं ठाऊक आहे. तुझी मान फुकट वाकली नाही.

लोभ आता तुझ्या मर्जीचा. मी मागत नाही.
भिंगऱ्या

ता. क. पैसे नकोत म्हणालीस. दुसरं पाठवण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. तिकिटाचे परत आले ते आणि आठवड्याचा पगार मिळून मनीऑर्डर केली आहे, तीन हजार सहाशे चाळीस.